जुनी ऑक्टेव्हिया आरएस घेताना: थंड इंजिनापासून आरटीओपर्यंत

स्कोडा ऑक्टेव्हियाची वेगवान आवृत्ती आरएस २३० भारतात आली २०१७ मध्ये. शोरूम किंमत २४.६२ लाख, २.० टीएसआय पेट्रोल इंजिन, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मग २०२० मध्ये आरएस २४५ आली: ३५.९९ लाख, ३७० न्यूटन-मीटर, सात गिअर, आणि अख्ख्या देशासाठी फक्त २०० गाड्या. यातल्या बऱ्याच गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि पुन्हा विकायला निघतायत. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन इतकी पळणारी गाडी सहसा मिळत नाही, त्यामुळे जाहिरात पडली की दोन दिवसांत चार गिऱ्हाइकं उभी राहतात आणि घाईघाईत टोकन दिलं जातं.

साधी गाडी किलोमीटरने झिजते, ही चालवणाऱ्याच्या हाताने झिजते. एकाने ९०,००० किमी चालवून दर १०,००० ला ऑइल बदललं असेल आणि दुसऱ्याने ३०,००० किमीतच रीमॅप करून, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवून, दर रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत शर्यत लावली असेल, तर पहिली गाडी घ्या. मीटरचा आकडा इथे फार तर चौथा-पाचवा मुद्दा.

तपासणीचा खालचा क्रम मुद्दाम तसा ठेवलाय. जे घरबसल्या आणि फुकटात कळतं ते आधी, गाडी चालवून बघणं बरंच नंतर. एकदा या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला की मग कुलंटची गळतीसुद्धा किरकोळ वाटायला लागते.

गाडी खरंच आरएस आहे का

हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण साध्या ऑक्टेव्हियाला आरएसचे बंपर, काळी ग्रिल, मागचा स्पॉयलर आणि बॅज लावून फिरणाऱ्या गाड्या रस्त्यावर आहेत. बहुतेकांनी ते हौसेने केलेलं असतं, पण तिसऱ्या मालकापर्यंत पोचेपर्यंत हौसेची जाहिरात होते.

आरसीवरची क्युबिक कपॅसिटी बघा. आरएसची १९८४ सीसी. १७९८ असेल तर ती १.८ टीएसआय, म्हणजे १८० पीएस आणि सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी. १३९५ असेल तर १.४ टीएसआय. आरसीचा फोटो मागवला की घरी बसूनच याचा निकाल लागतो. प्रत्यक्ष गेल्यावर डिकीत स्टेपनीच्या खोबणीत चिकटवलेलं कंपनीचं स्टिकर शोधा. त्यावर चॅसिस नंबर, मॉडेलचं वर्णन, इंजिनाची ताकद, इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड छापलेले असतात. हेच स्टिकर सर्व्हिस बुकच्या पहिल्या पानावरही असतं. दोन्ही ठिकाणचा चॅसिस नंबर आरसीशी जुळला पाहिजे. खोबणीतलं स्टिकर खरवडून काढलेलं असेल तर मागून ठोकलेल्या गाडीचा संशय घ्या आणि तो फिटेपर्यंत पुढे बोलू नका.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा, इन्शुरन्सची मुदत आणि नोंदणीची तारीख तपासा. मग ई-चलन बघा. दंड किती बाकी आहे हे तर कळतंच, पण या गाडीच्या बाबतीत चलनांची यादी हा मालकाचा स्वभाव वाचायचा कागद आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारची मर्यादा १०० ची. नो-पार्किंगची पाच चलनं असतील तर सोडून द्या. एकाच वर्षात वेगाची दहा असतील तर पुढच्या सगळ्या तपासण्या दुप्पट बारकाईने करा.

फोनवर विचारायचं ते

डीएसजीचं ऑइल शेवटचं कधी बदललं आणि त्याचं बिल आहे का? गाडी कधी रीमॅप केली होती का, केली असेल तर कुठे, आणि परत स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ स्थितीत, आणली का? चाव्या किती? या तीन प्रश्नांना जो सरळ उत्तरं देतो त्याच्याकडे जायला हरकत नाही. रीमॅप केलंय असं स्वतःहून सांगणारा मालक, बिलं आणि ट्यूनरचं नाव हातात असेल तर, “एकदम स्टॉक आहे हो” म्हणणाऱ्यापेक्षा बरा.

फोन ठेवण्याआधी एक सांगून ठेवा: “सकाळी लवकर येतो, गाडी सुरू करून ठेवू नका.”

थंड इंजिन

गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा आणि परत जा. दुसऱ्या दिवशी या. या इंजिनाच्या बऱ्याच खोडी पहिल्या तीस सेकंदांतच ऐकू येतात आणि गरम इंजिनात त्या झाकल्या जातात.

मालकाला चावी फिरवू द्या, तुम्ही बोनेट उघडून पुढे उभे राहा. स्टार्ट झाल्यावर क्षणभर हलकी खळखळ चालते, कारण टायमिंग चेनच्या टेन्शनरला ऑइलचं प्रेशर मिळायला तेवढा वेळ लागतो. ती खळखळ दोन-तीन सेकंदांपलीकडे टिकली तर चेन किंवा टेन्शनरचं काम जवळ आलंय. पहिला मिनिटभर आरपीएम हजाराच्या थोडे वर राहतील आणि आवाज जरा घोगरा येईल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन तसं चालतं, त्याने घाबरायचं कारण नाही.

एक्झॉस्टमागे कोणाला तरी उभं करा. पावसाळ्यात किंवा थंडीत पांढरी वाफ येऊन विरते, ते पाणी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: व्हॉल्व्ह सील, टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा. दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि तो गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कुलंट जळतंय. तिथून निघा.

इंजिन पाच-सात मिनिटं आयडलवर राहू द्या. मग एकदा ॲक्सिलरेटर हलका दाबून सोडायला सांगा आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या बाजूला कान द्या, कारण टर्बो मागच्या बाजूला आहे. आरपीएम खाली येताना पत्र्याचा डबा थरथरल्यासारखा आवाज आला तर तो बहुधा वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा. त्याची दांडी झिजली की असं होतं. गाडी थांबत नाही, पण टर्बोचं काम लांब राहिलेलं नाही. भावात तो आकडा धरा.

बोनेटखाली

इथे बघायच्या मुख्य गोष्टी दोन, कुलंट आणि पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी झडप).

या इंजिनाचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लॅस्टिकच्या घरात बसवलेले आहेत. ते घर गिअरबॉक्सच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेलं असतं. गरम-थंड होऊन होऊन प्लॅस्टिक वाकतं, सील सुटतं आणि कुलंट थेंबाथेंबाने गिअरबॉक्सवर गळतं. इंजिनाखाली झाकण म्हणून अंडरट्रे असल्याने पार्किंगमध्ये डाग पडत नाही, त्यामुळे मालकाला वर्षभर पत्ताच नसतो. तो फक्त महिन्या-दोन महिन्यांनी कुलंट टॉपअप करत राहतो. टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन तिथे बघा. गुलाबी किंवा पांढरट खडूसारखा थर दिसला की गळती नक्की. टाकीतली पातळी थंड इंजिनात किमान आणि कमाल रेषांच्या मधे हवी, रंग गुलाबी-जांभळा हवा. हिरवं किंवा निळं पाणी दिसलं तर कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातलं कुलंट ओतलंय. आतला थर मऊ चिखलासारखा असेल तर दोन जातींची कुलंट एकमेकांत मिसळली आहेत आणि हीटरच्या नळ्यांपर्यंत सगळं धुवावं लागेल. पंप आधीच बदललेला असेल आणि बिल असेल तर ते चांगलंच आहे; हा भाग बहुतेक गाड्यांत कधी ना कधी बदलावा लागतोच.

पीसीव्ही तपासायला हत्यार लागत नाही. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून उचला. हलकी ओढ जाणवली तर ठीक. झाकण आतून धरून ठेवल्यासारखं घट्ट ओढलं गेलं आणि शिट्टी ऐकू आली, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. तो भाग तसा स्वस्त, पण फाटलेल्या अवस्थेत गाडी बरेच दिवस चालली असेल तर क्रँकच्या मागच्या सीलवर ताण येतो, आणि ते सील बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. खरा खर्च तिथे असतो. झाकणाच्या आत दुधाळ फेस दिसला आणि गाडी फक्त दोन-दोन किलोमीटर चालत असेल, तर ती नुसती वाफ असू शकते. तोच फेस डिपस्टिकवरही असेल तर कुलंट ऑइलमध्ये जातंय.

डिपस्टिकची पातळी नोंदवून ठेवा. दर १,००० किमीला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खाणं कंपनी चालवून घेते, पण चांगल्या अवस्थेतलं हे इंजिन त्याच्या निम्मंही खात नाही. रिंगमुळे ऑइल पिणारी पिढी याच्या आधीची. जुन्या लॉरा आणि सुपर्ब १.८ टीएसआयची ती बदनामी उगीच या गाडीच्या माथी मारली जाते.

स्कॅन: याच्याशिवाय व्यवहार करू नका

व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हे स्कॅनर असलेला फोक्सवॅगन-स्कोडाचा जाणकार गाठा. पाचशे रुपयांचं ब्लूटूथचं डोंगल इंजिनाचे कोड दाखवतं, पण गिअरबॉक्स, एबीएस आणि एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतंत्र कॉम्प्युटरमध्ये, शिरत नाही, आणि आपल्याला हवं ते तिथेच आहे.

पूर्ण ऑटोस्कॅन करून घ्या आणि फाइल स्वतःच्या फोनवर मागवा. मग एकेक मॉड्यूल वाचा: ०१ इंजिन, ०२ गिअरबॉक्स, ०३ एबीएस, १५ एअरबॅग, १७ मीटर. बहुतेक कोडसोबत तो कधी पडला ती तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर नोंदलेले असतात. समजा १७ मध्ये मीटर ५२,००० दाखवतोय आणि एबीएसमध्ये एका चाकाच्या सेन्सरचा जुना कोड ६८,००० किमीला पडलाय. आता मीटर फिरवलाय हे सिद्ध करायला आणखी काही लागत नाही. मीटर मागे घेणारे लोक काट्यामागचा आकडा बदलतात. सगळ्या मॉड्यूलमधल्या नोंदी बदलायचं काम फार थोड्यांना येतं. शंका आली तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोंदवलेल्या सर्व्हिसचे किलोमीटर, जुनी पीयूसी आणि इन्शुरन्सच्या वेळचे फोटो एकापुढे एक लावून बघा.

एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. काल रात्रीच कोड पुसले असतील. रेडिनेस बघा: सगळे शून्य, म्हणजे ०००००००० असेल, तर इंजिनाच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झालेल्या आहेत. मधे १ दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हाही आकडा ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, असतो. तो ४ किंवा १२ असा असेल तर मालकाला सरळ विचारा, काय लपवलं?

मग चालू आकडे. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिन ठरलेल्यापेक्षा किती जास्त-कमी पेट्रोल देतंय तो आकडा) अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर उत्तम. अधिक १० च्या पुढे गेला तर कुठूनतरी हवा शिरतेय किंवा पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. मिसफायरचे (पेट्रोल नीट न पेटण्याचे) आकडे चारही सिलिंडरांत शून्याच्या आसपास हवेत. एकच सिलिंडर मोजणी वाढवत असेल तर आधी कॉइल अदलाबदल करून बघता येते, तो स्वस्तातला दोष. थंड असतानाच सगळ्या सिलिंडरांत मिसफायर येत असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचला असण्याची शक्यता जास्त. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हची मागची बाजू धुतली जात नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने तो साफ करतात, दिवसभराचं काम. कॅमशाफ्टच्या ॲडॅप्टेशनचे आकडे (चेन सैल झाल्याने कॅमशाफ्ट किती सरकलाय ते) शून्याच्या जितके जवळ तितकी चेन बरी. हे आकडे आणि थंड स्टार्टची खळखळ एकत्र बोलायला लागली तर चेन बदलायचा खर्च भावातून वजा करा.

रीमॅपच्या खुणा

फक्त सॉफ्टवेअर बदलून हे इंजिन ३०० पीएसच्या आसपास पोचतं. इतकं सोपं असल्यामुळे अनेकांनी ते केलंय, आणि विकायच्या आठवडाभर आधी स्टॉक फाइल परत टाकली की वरवर काहीच दिसत नाही. म्हणून सॉफ्टवेअरच्या मागे न लागता धातूकडे बघा.

टर्बोच्या मागची डाउनपाइप चमकदार स्टीलची, वेल्डच्या रेघा ताज्या, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा फुगीर भाग जागेवर नाही? मग गाडी स्टेज २ होती, म्हणजे रीमॅपसोबत पाइपही बदललेला. इनटेकच्या नळ्यांवर कंपनीच्या एकदाच वापरायच्या कड्यांऐवजी स्क्रूच्या क्लिपा आहेत? कोणीतरी इनटेक काढून घातलाय. इंटरकूलरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे? स्पार्क प्लग कंपनीच्या ठरलेल्या जातीपेक्षा थंड जातीचे? यातली एकेक खूण एकटी काही सिद्ध करत नाही, पण तीन जमल्या तर गोष्ट स्पष्ट असते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ईसीयू तपासताना सॉफ्टवेअर बदललेलं आढळलं तर त्या गाडीवर टीडी१ अशी खूण कायमची लागते. वर्कशॉपमध्ये ओळख असेल तर चॅसिस नंबरवरून ती विचारून घ्या.

रीमॅप म्हणजे गाडी वाया गेली असं नाही. प्रश्न असा आहे की फाइल कुठल्या पेट्रोलसाठी लिहिली होती आणि टाकीत काय पडत होतं. १०० ऑक्टेनसाठी बनवलेली फाइल आणि रोजचं साधं पेट्रोल ही जोडी नॉकिंग घडवते, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके बसतात. सेन्सर ते पकडून इग्निशन मागे घेतो, म्हणजे स्पार्क जरा उशिरा पडतो, आणि बहुतेक वेळा इंजिन वाचतं. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन रिटार्ड बघायला मिळतं. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर तीन-चार अंशांपर्यंत चालेल. सतत सहा-सातच्या पुढे असेल तर ती फाइल या पेट्रोलला झेपत नाहीये.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीत अडकते, आणि नोंदणीत नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येतो. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले नेमकं हेच शोधतात. मूळ पाइप मालकाकडे जपून ठेवलेला असेल तर व्यवहारातच मागून घ्या. नंतर शोधायला गेलात तर भाव ऐकून घाम फुटेल.

आता चालवा

आरएस २३० मधला सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा आहे, २४५ मधला सात गिअरचाही ओला. साध्या ऑक्टेव्हियाच्या कोरड्या डीएसजीच्या कहाण्या ऐकून या गाडीला घाबरायची गरज नाही, पण ऑइलची गरज याला जास्त. सहा गिअरवाल्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किमीला बदलायचं. बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा.

गाडी थंड असताना पी मधून आर, आर मधून डी. गिअर एका सेकंदात पकडला पाहिजे, धक्का न देता. मग ब्रेक सोडून गाडी स्वतःहून सरकू द्या. सरकणं एकसारखं हवं. चढावर ब्रेक सोडून हलका ॲक्सिलरेटर द्या: गाडी थरथरत पुढे गेली तर क्लचच्या प्लेट झिजल्यात किंवा ऑइलचा दम संपलाय. दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर येताना, सिग्नलला थांबायच्या आधी, ठक असा आवाज येतो का ते ऐका. मेकॅट्रॉनिकची (डीएसजीचे गिअर बदलणाऱ्या युनिटची) खोडी बरेचदा तिथेच पहिल्यांदा दिसते.

आयडलवर डी मध्ये ब्रेक धरून खिडक्या खाली घ्या. बसमध्ये सुटे पैसे खडखडावेत तसा आवाज येऊन एन मध्ये टाकल्यावर किंवा आरपीएम वाढवल्यावर गेला, तर दोष ड्युअल मास फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाचे झटके जिरवणाऱ्या स्प्रिंगांच्या चाकाचा. रीमॅप केलेल्या गाड्यांत तो लवकर जातो, कारण खालच्या आरपीएमला अचानक आलेला टॉर्क त्याच्या स्प्रिंगांवर आदळतो.

इंजिनाचं ऑइल ८०-९० अंशांवर येईपर्यंत जोर देऊ नका. मीटरमध्ये ऑइलचं तापमान दिसतं. मालक स्वतः थंड गाडी दामटत असेल तर त्याने तीन वर्षं काय केलं ते कळलंच. तापल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर धरा, २,००० आरपीएमवरून ४,५०० पर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. वेग शंभरच्या आसपास येईल, पुढे जायची गरज नाही. आरपीएमचा काटा वेगाच्या काट्याला सोडून एकटाच उसळला तर क्लच घसरतोय. त्याच वेळी मागच्या सीटवरचा माणूस स्कॅनरवर इंजिनाने मागितलेलं आणि टर्बोकडून मिळालेलं बूस्ट (हवेचा दाब) नोंदवत असेल तर फार छान. दोन आकडे जोडीने वर जायला हवेत. मिळालेलं मागे पडत राहिलं तर कुठलातरी होज सुटलाय किंवा वेस्टगेट पूर्ण बंद होत नाहीये.

शून्य ते शंभर मोजायच्या भानगडीत पडू नका. त्यातून तुमच्या घड्याळाशिवाय कशाचीच परीक्षा होत नाही.

बॉडी आणि पाणी

पेंट गेज भाड्याने किंवा मित्राकडून आणा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २०० ते ३०० म्हणजे तो पॅनल पुन्हा रंगवलाय, ५०० च्या वर म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरलीय. बंपर प्लॅस्टिकचे, त्यावर गेज चालत नाही. छत, खांब आणि दाराच्या आतल्या कडा मोजा. पुढच्या फेंडरला रंग असणं हा पुण्यातल्या पार्किंगचा प्रसाद असू शकतो, छताला किंवा खांबाला रंग असण्याचं तसं साधं कारण नसतं. बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा: रंग उडालेला असेल तर बोनेट काढलं होतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, तळाच्या लेबलवरचं साल गाडीच्या सालाशी जुळायला हवं. अपघातात एअरबॅग फुटले की बेल्टही बदलावे लागतात, म्हणून ही खूण खोटी पडत नाही.

बेल्ट ओढलेला असतानाच त्याला वास घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या दुरुस्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या त्या आजही फिरतायत. शहरातल्या सबवेत साचलेल्या पाण्यात घातलेली गाडी वेगळीच. सीटच्या रुळांखाली बोट फिरवा, बारीक गाळ लागतो का बघा. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सच्या पिनांवर हिरवट थर, कार्पेटखालच्या फोमला ओल, डिकीच्या खोबणीत मातीची रेघ. हे काहीही सापडलं तर कितीही स्वस्तात मिळाली तरी ती गाडी घेऊ नका. वायरिंगचा गंज दोन-दोन वर्षांनी वेगवेगळ्या ठिकाणी डोकं वर काढतो आणि प्रत्येक वेळी नवं मॉड्यूल मागतो.

खाली, टायर, ब्रेक

लिफ्टवर चढवाच. गाडी आधीच खाली बसलेली, वर कोणी लोअरिंग स्प्रिंग घातल्या असतील तर आपले स्पीडब्रेकर तिला सोलून काढतात. अंडरट्रे जागेवर आहे का, ऑइल संप खरवडलेला आहे का, लोअर आर्मचे बुश फाटलेत का, शॉकॲब्सॉर्बर ओले आहेत का.

टायर आरएस २३० चे २२५/४५ आर१७, २४५ चे २२५/४० आर१८. बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२२ म्हणजे २०२२ च्या २३व्या आठवड्यातला टायर. चारही एकाच जातीचे हवेत. आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा बुश. रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून बघा. खड्ड्यांनी पडलेल्या चिरा बाहेरून दिसत नाहीत. ब्रेक डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, तिच्याशी व्हर्नियरने मोजून ताडा. डिस्कवर निळसर झाक म्हणजे ब्रेक खूप तापवलेत, घाटात किंवा ट्रॅकवर.

कागद

महाराष्ट्रातली गाडी असेल तर फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५. बोजा उतरवायचं काम विकणाऱ्याने पैसे मिळायच्या आधी करायचं, नंतर नाही. जुन्या नोंदणीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लावलेली आहे का तेही बघा.

दिल्ली किंवा बंगळुरूची गाडी स्वस्त दिसते, तेव्हा कॅल्क्युलेटर काढा. फॉर्म २८ चं एनओसी लागणार, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे वापरणार असाल तर नवी नोंदणी व इथला कर. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के एकरकमी कर आहे; गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, तरी आकडा लाखांत जातो. कंपनीच्या नावावर दर २० टक्के. आधीच्या राज्यातला परतावा मिळेल या आशेवर भाव ठरवू नका. कंपनीच्या नावावरची गाडी विकली जात असेल तर संचालकांच्या ठरावाची प्रत मागा, नाहीतर आरटीओतून फाइल परत येते.

जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तुम्हाला मिळत नाही. पण त्याची पॉलिसी मागून बोनस किती टक्के होता ते वाचा. पाच वर्षांच्या “एकही ओरखडा नाही” गाडीवर बोनस शून्य असेल तर गेल्या वर्षी बहुधा क्लेम झालाय, आणि कशाचा झाला ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

आधीच्या सर्व्हिसवर विसंबू नका. इंजिन ऑइल ५.७ लिटर, ५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ किंवा ५०४ चा शिक्का असलेलंच, आणि फिल्टर. कंपनी १५,००० किमी सांगते. आपल्या ट्रॅफिकमध्ये टर्बो गाडीला ७,५०० ते १०,००० च बरं. चार स्पार्क प्लग. सहा गिअरच्या डीएसजीला साधारण साडेपाच लिटर ऑइल आणि त्याचा फिल्टर. डीएसजीची पातळी ठरावीक तापमानाला स्कॅनर लावूनच भरायची असते, अंदाजाने भरणाऱ्या गॅरेजात जाऊ नका. ब्रेक फ्लुइड डॉट ४, एक लिटर पुरतं. २४५ च्या पुढच्या इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियलला स्वतःचं वेगळं ऑइल असतं आणि ते दर तीन वर्षांनी बदलायचं. बऱ्याच गॅरेजवाल्यांना हे माहीतच नसतं, म्हणून तुम्हीच सांगा. हा सगळा खर्च भाव ठरवतानाच कागदावर लिहून विकणाऱ्यापुढे ठेवा.

दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक, व्हील लॉकिंग नटची चावी. ती छोटी चावी राहून गेली तर पंक्चरच्या रात्री हायवेवर चाकच निघत नाही. डिकीतल्या टूलकिटमध्ये ती दिसल्याशिवाय शेवटचे पैसे पाठवू नका. पैसे बँकेतून द्या आणि ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या. गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी सकाळी मालक शेवटचा एक फेरफटका मारतोच, आणि कॅमेऱ्याचं चलन आठवडाभराने येतं.